कामगार करारांतून देश बाहेर पडला, तर त्याच्या ताब्यातील बेटांवर काय उरते?

करावेकर (नेरूळ)

नमस्कार. प्रश्न घरातला आहे, म्हणून आधी थोडी पार्श्वभूमी देतो. माझा धाकटा मुलगा मालवाहू जहाजावर थर्ड ऑफिसर आहे. बेलापूरच्या एका एजन्सीमार्फत त्याला मिळालेल्या करारपत्रावर जहाजाची नोंदणी आयल ऑफ मॅन येथील असल्याचे लिहिले आहे. पगार, विश्रांतीचे तास, आजारपणातील उपचार, मुदत संपल्यावर घरी परतण्याचा खर्च अशा प्रत्येक गोष्टीला २००६ च्या सागरी कामगार कराराचा आधार दिला आहे. ते कागद फाईलमध्ये नीट लावून ठेवणे, यापलीकडे मी आजवर त्यांचा विचार केला नव्हता.

गेल्या रविवारी सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय आटोपल्यावर मर्चंट नेव्हीतून निवृत्त झालेले आमचे एक शेजारी सहज बोलून गेले, "त्या बेटाने कशावरही सही केलेली नाही. सही ब्रिटनची आहे. उद्या ब्रिटन त्यातून बाहेर पडले, तर तुमच्या हातात रद्दी उरली." त्या वेळी मला उत्तर सुचले नाही. ब्रिटन बाहेर पडणार आहे असे माझ्या वाचनात कुठेही आलेले नाही, त्यामुळे घाबरून लिहीत नाही. परंतु ज्याने दुसऱ्याच्या वतीने सही केली त्याने ती मागे घेतली, तर त्या दुसऱ्याचे काय होते, हा प्रश्न आता डोक्यातून जात नाही. जिब्राल्टर, बर्म्युडा, न्यू कॅलेडोनिया, अरुबा अशा सर्वच आश्रित प्रदेशांना तो लागू असावा. जाणकारांनी लिहावे.

कोर्टनाका (ठाणे)

करावेकर, आपल्या शेजाऱ्यांचे पहिले वाक्य बरोबर आहे, दुसरे अर्धे बरोबर आहे आणि तिसरे चुकीचे आहे. मी ठाण्याच्या कामगार न्यायालयात तीसेक वर्षे वकिली केली. हा माझ्या रोजच्या कामाचा भाग नव्हता, पण आवडीने वाचलेला विषय आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आपला सागरी कामगार करार ज्या संघटनेचा आहे, ती आंतरराष्ट्रीय कामगार संघटना १९१९ मध्ये व्हर्सायच्या तहातून जन्माला आली. त्या तहाच्या कलम ४२१ मध्येच सदस्य देशांनी आपण स्वीकारलेले कामगार करार आपल्या वसाहती, संरक्षित प्रदेश आणि ताब्यातील मुलुख यांनाही लागू करावेत असे म्हटले होते. मात्र लगेच पुढे पळवाट ठेवली होती. 'स्थानिक परिस्थितीमुळे' करार लागू करणे शक्य नसेल तर तो सोडता येई किंवा त्यात फेरफार करता येई. ('स्थानिक परिस्थिती' हे शब्द मालकांच्या लेखी जबाबांत मी इतक्या वेळा वाचले आहेत की ते दिसले तरी हात आपोआप लाल पेनाकडे जातो.) हीच तरतूद पुढे संघटनेच्या घटनेचे कलम ३५ झाली आणि १९४६ च्या दुरुस्तीने तिला आजचे रूप मिळाले. त्यानुसार मूळ देशाने करार स्वीकारल्यावर आपल्या प्रत्येक आश्रित प्रदेशाबाबत वेगळे घोषणापत्र द्यायचे असते. तेथे करार पूर्ण लागू आहे, फेरफारासह लागू आहे, लागू नाही, की निर्णय राखून ठेवला आहे, हे त्यात सांगायचे. कराराचा विषय जर त्या प्रदेशाच्या स्वतःच्या अधिकारातला असेल, तर मूळ देशाने तो करार तेथील सरकारपुढे ठेवायचा आणि त्या सरकारच्या संमतीनेच त्याच्या वतीने बंधन स्वीकारायचे. म्हणून 'सही ब्रिटनची' हे अर्धेच खरे आहे. सही ब्रिटनची असली, तरी तिच्यामागे बेटाच्या सरकारची संमती आहे.

आता बाहेर पडण्याविषयी. लोक एकाच शब्दाने तीन वेगळ्या गोष्टी बोलतात आणि गोंधळ तिथेच होतो. देश संघटनेचे सदस्यत्व सोडू शकतो, एखाद्या करारातून माघार घेऊ शकतो, किंवा करार स्वतःपुरता ठेवून केवळ एखाद्या प्रदेशाबाबतचे घोषणापत्र मागे घेऊ शकतो. सदस्यत्व सोडल्याने सगळे करार गळून पडतात असे अनेकांना वाटते, पण घटनेच्या पहिल्याच कलमात नेमके उलटे लिहिले आहे. सदस्यत्व सोडण्याची सूचना दिल्यावर ती दोन वर्षांनी अमलात येते, तीही थकलेली वर्गणी भरलेली असेल तरच. शिवाय त्या देशाने स्वीकारलेल्या करारांची बंधने त्या-त्या करारात ठरलेल्या मुदतीपर्यंत तशीच राहतात. अमेरिका १९७७ मध्ये संघटनेबाहेर गेली आणि १९८० मध्ये परतली, पण तेवढ्याने तिने आधी स्वीकारलेले करार रद्द झाले नव्हते.

करारातून माघार घ्यायची तर मनात आले त्या दिवशी घेता येत नाही. बहुतेक करारांत पद्धत अशी आहे की करार प्रथम अमलात आल्यापासून दहा वर्षे झाली की एक वर्षापुरते दार उघडते. त्या वर्षात माघारीची नोंद केली नाही, तर पुढची दहा वर्षे देश बांधलेला राहतो. नोंद केली तरी ती एका वर्षाने लागू होते. मोजणी त्या देशाच्या सहीपासून होत नाही, करार जगात प्रथम अमलात आला त्या दिवसापासून होते. सागरी कामगार करार २० ऑगस्ट २०१३ रोजी अमलात आला. म्हणजे पहिले दार २०२३ ते २०२४ असे वर्षभर उघडे होते आणि पुढचे २० ऑगस्ट २०३३ रोजी उघडेल.

ब्रिटनने ही दारे वापरली आहेत, हेही लपवू नये. सरकारी कंत्राटांतील कामगारविषयक अटींचा ९४ क्रमांकाचा करार सप्टेंबर १९५२ मध्ये अमलात आला होता. तीन दशके पूर्ण झाली त्या सप्टेंबर १९८२ मध्येच ब्रिटनने त्यातून माघार नोंदवली. पुढच्या वर्षी वेतनसंरक्षणाचा ९५ क्रमांकाचा करार सोडला आणि १९८५ मध्ये किमान वेतन ठरविण्याच्या यंत्रणेचा २६ क्रमांकाचा. थॅचर सरकारला वेतनाच्या बाबतीत हात मोकळे हवे होते आणि दार कधी उघडते याची त्यांच्या अधिकाऱ्यांना पक्की जाण होती.

सानपाडावाला

एक बाळबोध शंका. आयल ऑफ मॅन म्हणजे ब्रिटनच ना? मग वेगळे घोषणापत्र कशासाठी?

कोर्टनाका (ठाणे)

नाही. ते बेट युनायटेड किंगडमचा भाग नाही. ते ब्रिटिश राजमुकुटाच्या अखत्यारीत आहे, त्याची टिनवॉल्ड नावाची स्वतःची जुनी संसद आहे आणि कायदेही तीच करते. संरक्षण व परराष्ट्र संबंध मात्र लंडनकडे आहेत. सामान्य आंतरराष्ट्रीय कायद्यात, म्हणजे १९६९ च्या व्हिएन्ना कराराच्या कलम २९ प्रमाणे, वेगळा हेतू दिसत नसेल तर करार देशाच्या संपूर्ण प्रदेशाला लागू होतो. कामगार करारांत कलम ३५ मुळे तो 'वेगळा हेतू' आधीच नोंदलेला असतो, त्यामुळे प्रदेशागणिक चौकशी करावी लागते.

जुनी पाने (कळवा)

या 'आपलाच प्रदेश की वेगळा प्रदेश' प्रश्नाला एक मजेशीर बाजू आहे आणि ती आपल्या शेजारच्या गोव्याशी जोडलेली आहे. १९५१ मध्ये पोर्तुगालने राज्यघटना बदलून आपल्या वसाहतींना 'सागरपार प्रांत' म्हणायला सुरुवात केली. गोवा हा आमचा प्रांत आहे, वसाहत नव्हे, असे ते जगाला सांगत होते ते याच जोरावर. परंतु त्याच पोर्तुगालने १९५९ मध्ये सक्तीची मजुरी नष्ट करण्याचा १०५ क्रमांकाचा करार स्वीकारला. मग १९६१ मध्ये घानाने संघटनेकडे तक्रार केली की अंगोला, मोझांबिक आणि गिनी येथे हा करार पाळला जात नाही. आता पोर्तुगालला 'ती वसाहत आहे, तेथील स्थानिक परिस्थिती वेगळी आहे' असे म्हणण्याची सोय राहिली नव्हती, कारण ते प्रांत आपल्याच देशाचे आहेत असे तो स्वतःच सांगत होता. घटनेतील तक्रारीच्या कलमाखाली नेमलेला हा पहिला चौकशी आयोग. त्याने अंगोला व मोझांबिकला प्रत्यक्ष भेट दिली आणि १९६२ मध्ये अहवाल सादर केला. अहवालात पोर्तुगालची बाजू पुष्कळशी सांभाळून घेतलेली आहे असे माझे मत आहे, पण चौकशी झाली ही गोष्ट लहान नाही.

हे सांगण्याचे कारण असे की प्रदेशाला आपल्यात धरायचे की वेगळे काढायचे, हे मूळ देश आपल्या सोयीने ठरवतो. बाहेर पडतानाही तो सोयच पाहणार.

घोडबंदर रस्ता

कोर्टनाका साहेबांनी सदस्यत्व सोडण्याबद्दल लिहिले आहे, ते कागदावर पटते. परंतु खरी कसोटी नामिबियाची आहे आणि ती कोणी मांडली नाही म्हणून लिहितो.

दक्षिण आफ्रिका संघटनेची मूळ सदस्य होती. वर्णभेदावरून कोंडी वाढल्यावर तिने १९६४ मध्ये बाहेर पडण्याची सूचना दिली आणि दोन वर्षांनी ती लागू झाली. त्या काळी नैर्ऋत्य आफ्रिका, म्हणजे आजचा नामिबिया, पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघाने सोपविलेला प्रदेश म्हणून तिच्याच ताब्यात होता. तेथील ओवाम्बो मजुरांना ठराविक मुदतीच्या करारावर खाणींत आणि शेतांवर पाठवले जाई. कुटुंब बरोबर नेता येत नसे आणि काम मध्येच सोडून जाणे हा गुन्हा ठरत असे. जिनिव्हात, म्हणजे संघटनेच्या मुख्यालयात, त्यांच्याविषयी प्रश्न विचारता येईल असा एकमेव दुवा त्यांच्यावर राज्य करणाराच होता आणि तोच उठून गेला. मजुरांना कोणी विचारले नव्हते, ते विचारण्याची रीतच नव्हती.

पुढे जे झाले ते मात्र वेगळे आहे. ऑक्टोबर १९६६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने दक्षिण आफ्रिकेचा तो अधिकारच संपुष्टात आणला. २१ जून १९७१ रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लामत दिले की दक्षिण आफ्रिकेची तेथील उपस्थिती बेकायदा आहे. त्या मतात एक परिच्छेद आहे, तो या धाग्यासाठी महत्त्वाचा आहे. दक्षिण आफ्रिकेने नामिबियाच्या वतीने केलेले करार इतर देशांनी पुढे चालवू नयेत असे सांगताना न्यायालयाने मानवतावादी स्वरूपाचे बहुपक्षीय करार त्यातून वगळले. ते पाळले गेले नाहीत तर नुकसान तेथील लोकांचे होईल, असे कारण दिले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये नामिबियात कंत्राटी मजुरांचा मोठा संप झाला. १९७८ मध्ये कामगार संघटनेने नामिबियाला सदस्य करून घेतले. त्याची बाजू संयुक्त राष्ट्रांची नामिबिया परिषद मांडत होती. देश स्वतंत्र झाला १९९० मध्ये. म्हणजे राज्य करणारा बाहेर आणि त्याच्या ताब्यातला प्रदेश आत, अशी अवस्था बारा वर्षे होती.

जुनी पाने (कळवा)

उत्तम मुद्दा. यावरून आपल्याकडचे आठवले. ब्रिटिश हिंदुस्थान परतंत्र असूनही १९१९ पासून संघटनेचा स्वतंत्र सदस्य होता. वॉशिंग्टनच्या पहिल्या परिषदेला कामगारांचे प्रतिनिधी म्हणून आपल्या कुलाबा जिल्ह्यातील गोरेगावचे ना. म. जोशी गेले होते. तेथे कामाच्या तासांचा जो पहिला करार झाला, त्यात इतरांसाठी आठवड्याचे ४८ तास होते आणि ब्रिटिश हिंदुस्थानसाठी वेगळ्या कलमाने ६० तास. 'स्थानिक परिस्थिती' येथेही आलीच!

पण त्या कलमातील 'ब्रिटिश' हा शब्द पाहावा. हिंदुस्थान सरकारची भूमिका अशी होती की संस्थानांत कामगार कायदे करणे हा संस्थानिकांचा विषय आहे, त्यामुळे हिंदुस्थानने स्वीकारलेले करार बडोदा किंवा इंदूरच्या गिरण्यांना आपोआप लागू नाहीत. आपण स्वतः दुसऱ्याच्या ताब्यात आणि आपल्या पोटात पुन्हा वेगळे प्रदेश, अशी ती गंमत होती. १९२१ मध्ये हिंदुस्थानने बेकारीविषयीचा दुसऱ्या क्रमांकाचा करार स्वीकारला होता. त्यात मोफत सरकारी रोजगार केंद्रे उघडण्याची अट होती. १९३८ मध्ये त्यातून माघार घेतली गेली. तोपर्यंत १ एप्रिल १९३७ पासून ब्रह्मदेश आणि एडन हिंदुस्थानापासून वेगळे काढलेले होते. एडन तर १९३२ पर्यंत मुंबई इलाख्याच्या कारभारात होते. त्यांच्या बाबतीतले लेखणीचे काम एका दिवसात दिल्लीहून लंडनला गेले, आणि एडनच्या गोदीतल्या हमालाला त्याचा पत्ताही लागला नसेल.

वाशीकर मंदार

क्षमा करा, पण हे सगळे कागदांपुरते वाटते. हाँगकाँगचे पाहा. तेथे कोणीही करारातून बाहेर पडले नाही. ब्रिटनने लागू केलेले बहुतेक कामगार करार १९९७ नंतर चीनने तसेच चालू ठेवले. संघटनस्वातंत्र्याचा ८७ क्रमांकाचा करार चीनने स्वतःसाठी स्वीकारलेला नाही, तरी हाँगकाँगला तो लागू आहे. आणि प्रत्यक्षात काय झाले? सामूहिक वाटाघाटीचा हक्क देणारा कायदा जून १९९७ च्या अखेरीस मंजूर झाला आणि ऑक्टोबरमध्ये हंगामी विधिमंडळाने तो रद्द केला. २०२१ मध्ये तेथील स्वतंत्र कामगार संघटनांच्या महासंघाने स्वतःच विसर्जनाचा ठराव केला. करार जागेवर होता आणि युनियन गेली. मग देश बाहेर पडला काय आणि आत राहिला काय, आश्रित प्रदेशातील कामगाराला फरक कोणता पडतो?

कोर्टनाका (ठाणे)

मंदार, आपली चीड समजते आणि आपण दिलेली माहिती बरोबर आहे. तरी निष्कर्षाशी मी सहमत नाही. तो कायदा रद्द झाल्यावर हाँगकाँगच्या संघटनांनी जिनिव्हातील संघटनस्वातंत्र्य समितीकडे तक्रार नेली. ती १९४२ क्रमांकाची तक्रार म्हणून नोंदली गेली आणि समितीने सामूहिक वाटाघाटीला उत्तेजन देणारे कायदे करावेत असे सरकारला सांगितले. सरकारने ते केले नाही. पण त्याला दर वेळी लेखी उत्तर द्यावे लागले. वकिलीत मी एक गोष्ट शिकलो. हुकूम न पाळणारा मालक आणि ज्याच्यावर हुकूमच काढता येत नाही असा मालक, हे दोघे सारखे नसतात. पहिल्याविरुद्ध दर तारखेला उभे राहता येते. माघार घेतल्यावर जाते ती ही तारीख. आश्रित प्रदेशातील स्थानिक कायदा मूळ देशाच्या माघारीने रद्द होत नाही, तो त्यांच्या विधिमंडळाने रद्द करावा लागतो. आयल ऑफ मॅनने सागरी करारासाठी २०१३ मध्ये आपले स्वतःचे नियम केलेले आहेत. ब्रिटन उद्या बाहेर पडले तरी ते नियम परवा तेथेच असतील. मात्र ते दुबळे केले गेले, तर त्याविरुद्ध बोट दाखवायला बाहेरचा आधार राहणार नाही.

हाँगकाँगच्या उदाहरणातून आणखी एक गोष्ट निघते आणि ती करावेकरांच्या मूळ प्रश्नाला थेट लागू आहे. मूळ देशाने माघार घेतली तर प्रदेशाचे घोषणापत्र आपोआप पडते का, हे कलम ३५ मध्ये स्पष्ट लिहिलेले नाही. खोड तोडल्यावर फांदी कशी जगेल, असा एक युक्तिवाद होऊ शकतो. पण ज्या देशाने करार स्वीकारलेलाच नाही त्याच्या ताब्यातील प्रदेशाला तो करार लागू राहू शकतो, हे चीन आणि हाँगकाँग यांनी दाखवून दिले आहे. तेव्हा फांदी जगू शकते. म्हणून माघारीच्या पत्रात प्रदेशांचा उल्लेख कसा केला आहे, ते शब्दन् शब्द वाचावे लागते.

दीपस्तंभ (नेरूळ)

तो शेजारी मीच. 'रद्दी' हा शब्द मागे घेतो, सभेत वेळ कमी होता. पण वकीलसाहेबांनी जहाजावरची बाजू सोडली, ती मी भरतो.

सागरी कामगार करारात, त्याच्या पाचव्या कलमात, अशी तरतूद आहे की करार न स्वीकारलेल्या देशाच्या ध्वजाखालील जहाजाला करार स्वीकारलेल्या देशाच्या बंदरात अधिक सवलतीची वागणूक मिळणार नाही. भारताने हा करार ९ ऑक्टोबर २०१५ रोजी स्वीकारला आणि वर्षभराने तो आपल्याला लागू झाला. म्हणजे उद्या आयल ऑफ मॅनचा ध्वज कराराबाहेर गेला, तरी ते जहाज न्हावा-शेव्याला लागले की आपला सर्व्हेअर, म्हणजे जहाज तपासणारा सरकारी अधिकारी, चढून विश्रांतीच्या तासांची नोंदवही उघडू शकतो, आणि खलाशी बंदरात तक्रार देऊ शकतो. जमिनीवरच्या कामगाराला हे भाग्य नाही. बर्म्युडातील हॉटेलात भांडी घासणारा माणूस चालत दुसऱ्या देशाच्या बंदरात जाऊन तक्रार करू शकत नाही. तेव्हा माघारीचा फटका आमच्या पोरांपेक्षा अशा लोकांना आधी बसेल, असे मला वाटते.

माझी धास्ती निराळी आहे. जहाज मालकाने वाऱ्यावर सोडले तर खलाशाचा थकलेला पगार आणि परतीचा खर्च देणारी आर्थिक हमी २०१७ पासून जहाजावर असणे सक्तीचे झाले. ती हमी ध्वज देणाऱ्या प्रशासनाच्या धाकावर चालते. धाक गेल्यावर विमावाला कसा वागतो, हे मी नोकरीत पाहिले आहे, आणि ते इथे लिहिण्यासारखे नाही.

करावेकर (नेरूळ)

सर्वांचे मनापासून आभार. काल मुलाचा फोन आला तेव्हा त्याला मेसरूममध्ये लावलेल्या कागदांचे फोटो पाठवायला सांगितले. सागरी कामगार प्रमाणपत्र आहे, त्याच्या शेजारी अनुपालनाच्या घोषणेचा पहिला भाग आहे आणि तो बेटाच्या प्रशासनाने दिलेला आहे. दोन्हींवर ब्रिटनचे नाव मी शोधत होतो, तेव्हा तो हसत म्हणाला की बाबा, इतक्या वर्षांत हा कागद वाचणारे तुम्ही दुसरे, पहिला सर्व्हेअर. २० ऑगस्ट २०३३ ही तारीख मी फाईलच्या आतल्या बाजूला लिहून ठेवली आहे. तोवर तो बहुधा कॅप्टन झालेला असेल.

कोर्टनाका साहेब, एकच शेवटचे विचारतो. करार स्वीकारताना बेटाच्या सरकारची संमती लागते असे आपण लिहिलेत. सोडतानाही लागते का?

कोर्टनाका (ठाणे)

लंडन प्रथा म्हणून बेटांना विचारते. परंतु कलम ३५ मध्ये बंधन स्वीकारण्याच्या वाक्यात 'त्या प्रदेशाच्या सरकारच्या संमतीने' असे शब्द आहेत, आणि पुढे ते बंधन बदलण्याच्या किंवा संपवण्याच्या वाक्यात ते शब्द नाहीत.